होळकरांनी इंदूरला बोलावलेला शिल्पकार ब्रांकुशी: कुणाला माहिती आहे का?

राजवाडा_चौक

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा. मराठीत मधेच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे माणिकबाग पॅलेस आहे. आता तिथे सेंट्रल एक्साइजचं ऑफिस आहे, त्यामुळे आम्ही तो बाहेरूनच बघत मोठे झालो. परवा एका ओळखीच्याने सांगितलं की यशवंतराव महाराजांनी (दुसरे) पॅरिसहून एका शिल्पकाराला मंदिर बांधायला बोलावलं होतं. तो आला, राहिला आणि एक वीटही न रचता परत गेला. नाव ब्रांकुशी. शोधलं तर फोटोत एक लांबट, चकचकीत, पात्यासारखी वस्तू दिसली. खाली लिहिलंय ‘अवकाशातला पक्षी’. ना पंख, ना चोच, ना पाय. आणि २०१८ साली या माणसाचं एक शिल्प ७ कोटी १० लाख डॉलरला गेलं म्हणे!

मला टर उडवायची नाही, खरंच समजून घ्यायचंय. हा गृहस्थ रुमानियाचा की फ्रान्सचा? मंदिराचं घोडं कुठे अडलं? आणि त्या पक्ष्यात एवढं आहे तरी काय?

ओतशाळा_कोल्हापूर

राजवाडासाहेब, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा आहे.

आमची कोल्हापुरात पुतळे ओतायची ओतशाळा आहे, आजोबांपासून. अश्वारूढ महाराज, साखर कारखान्यांचे संस्थापक, शाळेच्या आवारातले अर्धपुतळे हे आमचं रोजचं काम. मी काही कलासमीक्षक नाही. पण त्या पक्ष्याचा फोटो पाहिला की मला पहिली आठवते ती कानस, धातू घासायची.

साध्या पुतळ्यात चूक लपवायला जागा भरपूर. साचा फोडून ओतीव बाहेर काढलं की अंगावर बारीक छिद्रं असतात, कुठे वाळू अडकलेली असते, कुठे साच्याची सांध उमटलेली असते. मग छिद्र भरायचं, टाकीने पोत मारायचा, नाहीच जमलं तर तिथे शेल्याची एखादी चुणी आणायची. वरून औषध मारून काळपट-हिरवा रंग चढवला की अनावरणाला आलेल्या मंत्र्याला काय, पुतळा करणाऱ्या शिल्पकारालाही कधी कधी कळत नाही. मिशी, आयाळ, फेट्याच्या घड्या, सगळं आमच्या उपयोगी पडतं.

ब्रांकुशीच्या पक्ष्यात यातलं काहीच नाही. पुरुषभर उंचीच्या आतबाहेर एकच रेघ, खाली निमुळती, मधे किंचित भरलेली, वर तिरकी कापलेली आणि सगळी आरशासारखी. आरसा-पॉलिश काही लपू देत नाही. आमच्याकडे असलं काम तपासायची रीत सांगतो. ट्यूबलाइटखाली उभं करायचं आणि आपण डोकं हळूहळू एका बाजूला न्यायचं. ट्यूबची पांढरी रेघ धातूवरून सलग सरकत गेली पाहिजे. कुठे केसभर खोलगट असेल तर रेघ तिथे मोडते. बोटाला काही लागत नाही, डोळ्याला मात्र लगेच दिसतं. आणि हे बफच्या मशीनवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, जमत नाही. बफ कडा खातो, छिद्राच्या तोंडाशी शेपूट काढतो, लांब पृष्ठभागावर लाटा उठवतो. लाकडी ठोकळ्याला एमरी (घासायचा खरखरीत कागद) गुंडाळून हातानेच लांब लांब ओढत राहावं लागतं. हात कुठे थांबवायचा हे कुठल्याही मापात बसत नाही. ब्रांकुशीने असे १६ पक्षी केले, ७ संगमरवरात आणि ९ ब्राँझमध्ये. एकाच साच्यातून काढून विकायचे असते तर दोन महिन्यांचं काम होतं. त्याला वीसेक वर्षं लागली, कारण प्रत्येकाची रेघ त्याने वेगळी धरली.

हे सगळं मी उगाच पॉलिशवाल्याच्या अभिमानाने सांगत नाहीये. याच मुद्द्यावर अमेरिकेत खटला झालाय.

१९२६ च्या ऑक्टोबरात ‘पॅरिस’ नावाच्या बोटीने ब्रांकुशीची वीसेक शिल्पं न्यूयॉर्कला उतरली. सोबत मार्सेल द्युशाँ हा फ्रेंच चित्रकार होता, प्रदर्शन मांडायला. त्यांतला एक ब्राँझचा पक्षी एडवर्ड स्टायकेन या फोटोग्राफरने विकत घेतलेला. अमेरिकेत मूळ शिल्पावर जकात नव्हती. पण जकातवाल्यांनी पक्षी बघितला आणि ‘स्वयंपाकघरातली भांडी व इस्पितळातलं सामान’ या सदरात टाकून ४० टक्के जकात लावली. मग ‘ब्रांकुशी विरुद्ध अमेरिका’ असा दावा उभा राहिला. खर्च गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या श्रीमंत बाईंनी उचलला, त्या स्वतः शिल्पकार होत्या.

कोर्टात काय काय विचारलं, ते वाचताना मजा येते. न्यायमूर्ती वेट यांनी स्टायकेनला विचारलं, हा तुम्हाला जंगलात दिसला असता तर गोळी झाडली असती का? स्टायकेन म्हणाला, नाही. सरकारी वकिलाने शिल्पकार जेकब एपस्टाइनला घेरलं: एखाद्या चांगल्या मेकॅनिकने कानस आणि पॉलिशचं सामान घेऊन हीच वस्तू चकचकीत केली असती की नाही? एपस्टाइनचं उत्तर आमच्या ओतशाळेत फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. तो म्हणाला, मेकॅनिक पॉलिश करेल, पण त्याला ही वस्तू सुचणार नाही.

खुद्द ब्रांकुशीने पॅरिसहून जबानी पाठवली. त्यात तत्त्वज्ञान नाही, आमच्या धंद्याची भाषा आहे. आधी कल्पना, मग प्लास्टरचा नमुना, तो ओताऱ्याकडे दिला, मिश्रण किती कशाचं ते सांगितलं. कच्चं ओतीव परत आल्यावर हवेची छिद्रं आणि कोअरचं (आत पोकळी राखणाऱ्या गाभ्याचं) भोक बुजवलं, दोष काढले, आणि कानशीने नि अतिबारीक एमरीने स्वतःच्या हाताने पॉलिश केलं, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. २६ नोव्हेंबर १९२८ ला निकाल त्याच्या बाजूने लागला. आधीच्या निकालांत शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची, मुख्यतः माणसाची, प्रतिकृती असं धरलं होतं. या कोर्टाने मान्य केलं की आता वेगळ्या वाटेची कला आली आहे, वस्तू सुंदर आहे, पेशाने शिल्पकार असलेल्या माणसाची मूळ निर्मिती आहे, जकात माफ. तो पक्षी आज सिॲटलच्या संग्रहालयात आहे.

आणि तुमच्या माणिकबागेत एक्साइजचं ऑफिस! पक्षी विकत घेणाऱ्या राजाच्या बंगल्यात अखेर कर वसूल करणारेच बसले, याला काय म्हणायचं.

चहा पिऊन येतो, बाकीचं नंतर.

ज्योती_पेठेतली

@ओतशाळा, चहा सावकाश घ्या. तोवर मंदिराचं मी सांगते.

यशवंतरावांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांना बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली, आणि यशवंतराव सतरा-अठराव्या वर्षी गादीवर आले. शिकायला ऑक्सफर्डला होते, तिथे एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी मैत्री झाली. १९३० पासूनच्या दोन-तीन वर्षांत त्यानेच माणिकबाग आतून-बाहेरून सजवली. पॅरिसमध्ये महाराजांचे कलासल्लागार होते आंरी-पिएर रोशे, त्यांनी ब्रांकुशीच्या स्टुडिओत नेलं. महाराजांनी तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. त्या पक्ष्यांसाठी ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. रोशे यांच्या आणि इतरांच्या आठवणींतून जो आराखडा कळतो, त्यात जमिनीखालून प्रवेश, आत पाण्याचं कुंड, भोवती पक्षी आणि छतातल्या झरोक्यातून ठरलेल्या वेळी उतरणारा उजेड असं होतं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ‘राजांचा राजा’ नावाचं ब्रांकुशीचं एक उंच लाकडी शिल्प आहे. तेही या मंदिरासाठी योजलेलं होतं असं सांगतात. त्याचं आधीचं नाव ‘बुद्धाचा आत्मा’.

१९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे तरुणपणी वारल्या. ब्रांकुशी १९३७ सरता-सरता निघाला आणि १९३८ च्या सुरुवातीला इंदूरला पोचला तेव्हा महाराजांचं कशातच लक्ष नव्हतं. पाहुणचार झाला, काम झालं नाही. तो परत गेला तो गेलाच.

ओतशाळा_कोल्हापूर

ज्योतीताईंनी मंदिराचं नेमकं सांगितलं. एकच जोडतो: संयोगिताराजे म्हणजे आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. तेव्हा या गोष्टीत कोल्हापूरचाही धागा आहे, इंदूरवाल्यांनी एकट्याने मिरवू नये. 😄

आता माणूस कोण ते. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी, जन्म १९ फेब्रुवारी १८७६, रुमानियातल्या गोर्ज भागातलं होबित्सा हे डोंगरपायथ्याचं खेडं. शेतकऱ्याचं घर, लहानपणी मेंढ्या राखल्या, अकराव्या वर्षी घर सोडलं. क्रायोवा शहरात दुकानात, खाणावळीत नोकरी. तिथे फळांच्या खोक्याच्या फळ्यांतून त्याने एक व्हायोलिन बनवलं आणि ते वाजलंसुद्धा! ते बघून लोकांनी त्याला कला-कारागिरीच्या शाळेत घालायची व्यवस्था केली.

इथून पुढे बरेच लिहिणारे घसरतात. मेंढपाळाचं पोर, अडाणी, पॅरिसला पायी चालत गेलं आणि महान झालं, अशी पोथी रचतात. त्या पोथीत त्याचं शिक्षण गायब. क्रायोवाच्या शाळेत १८९४ ते १८९८, मुख्यतः लाकूडकाम. मग बुखारेस्टच्या कलाशाळेत १९०२ पर्यंत. तिथे डॉ. जेरोटा या शरीररचनेच्या प्राध्यापकाबरोबर त्याने कातडी सोललेल्या माणसाचा स्नायूंसकट पुतळा केला, इतका अचूक की तो शिकवायला वापरला गेला. म्हणजे माणूस हुबेहूब करता येत नाही म्हणून पक्ष्याचे पंख गाळले, हा आरोप त्याच्यावर करायला जागा नाही. स्नायू येत होते म्हणूनच ते सोडता आले.

पॅरिसला तो १४ जुलै १९०४ ला पोचला. बरीच वाट पायी, हे खरं. पण फ्रान्समध्ये शिरल्यावर ल्युनेव्हिलजवळ आजारी पडला आणि शेवटचा टप्पा आगगाडीने काढला. पोचल्यावर हॉटेलात भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये प्रार्थना गाऊन चार पैसे मिळवले. परदेशात गेलेल्या कुणालाही हे नवीन नाही. पुढे तिथल्या सरकारी कलाशाळेत दाखल झाला, आणि १९०७ मध्ये थेट रोदँच्या स्टुडिओत मदतनीस.

रोदँ तेव्हा जगातला सगळ्यात मोठा शिल्पकार. परक्या देशातून आलेल्या पोराला तिथे जागा मिळाली म्हणजे जन्माची भाकरी झाली. हा पठ्ठ्या महिना-दोन महिन्यांत बाहेर पडला. मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही, हे त्याचं वाक्य सगळे सांगतात. मला त्यामागचं धंद्याचं कारण जास्त पटतं. रोदँच्या कारखान्यात गुरुजी मातीत करणार, मग माप घेणारे मदतनीस ते दगडात उतरवणार. इकडे ब्रांकुशी पडला सुताराच्या हाताचा. त्याला दगडाला स्वतः छिन्नी लावायची होती. त्याच वर्षी त्याने ‘चुंबन’ घेतलं करायला: चुनखडीचा जवळजवळ चौकोनी ठोकळा, दोन माणसं मिठीत, आणि ठोकळा ठोकळाच राहिलाय. रोदँचंही याच नावाचं गाजलेलं शिल्प होतं. मालकाची नोकरी सोडून त्याच नावाचं, अगदी उलट्या रीतीचं काम करायचं, याला जिगर लागते.

स्टुडिओ पॅरिसच्या पंधराव्या भागात, इंपास रोंसँ नावाच्या बोळात. टेबल दगडाचं, ओट्यासारखी चूल स्वतः रचलेली, बाकं लाकडाची स्वतः तासलेली, भिंतीवर करवती-पटाश्या ओळीने. पायात लाकडी खडावा, दाढी पांढरी, कुत्रा पांढरा. पाहुणा आला की त्याच चुलीवर मटण भाजून घालायचा. फोटो दुसऱ्याला काढू द्यायचा नाही. मॅन रे या फोटोग्राफरकडून माहिती घेऊन कॅमेरा आणला, अंधारखोली स्वतः केली आणि आपल्या शिल्पांचे फोटो आपणच काढले, कारण उजेड कुठून पडावा हेही त्याच्या लेखी कामातच होतं. हे वाचलं की मला आमचे बाबूराव पेंटर दिसतात. आडनाव मिस्त्री, घरात सुतारकाम, पण चित्र काढायचं, शिल्प करायचं आणि सिनेमा काढायचा तर कॅमेराही घरीच बनवायचा. जग वेगळं, काळ तोच. दोघांची गाठ पडली असती तर भाषेवाचून तासन्तास जमलं असतं, असं मला उगीच वाटतं.

तिरकस

@ओतशाळा, छान लिहिलंत, पण तुमच्या ‘सगळं स्वतःच्या हाताने’ला एक भोक आहे. त्याचं सगळ्यात मोठं काम, रुमानियातला ‘अंतहीन स्तंभ’, कारखान्यात ओतलाय. इंजिनीअर वेगळा, कामगार वेगळे. तिथे कुठे गेली कानस?

दुसरं, रोदँच्या पद्धतीला नावं ठेवायची तर तुमच्याकडे येणारे सगळे शिल्पकार मातीतच करून देतात ना? मग ते सगळे खालच्या दर्जाचे?

ओतशाळा_कोल्हापूर

तिरकसराव, तुमच्या नावाला जागलात.

दुसऱ्याचं आधी: नाही. मातीतला शिल्पकार आमचा अन्नदाता आहे. करमरकरांनी पुण्याचा अश्वारूढ शिवाजी मातीतच केला होता, १९२८ साली तो उभा राहिला, आणि आजही त्या घोड्यापुढे आम्ही हात जोडतो. रीत दोन प्रकारची असते एवढंच म्हणायचंय. ब्रांकुशीला एक जमत नव्हती असं नाही, त्याला ती नको होती.

आता स्तंभ. तुम्ही ज्याला भोक म्हणताय तिथेच तो मला सगळ्यात जास्त पटतो. पहिल्या महायुद्धात १९१६ ला झिऊ नदीवर जे लढले, मेले, त्यांचं स्मारक त्याच्या मुलखातल्या बायकांच्या संघटनेला करायचं होतं. अरेतिया तातारेस्कू या पुढाकार घेणाऱ्या. १९३७ मध्ये हा पॅरिसहून परत गेला. गाव तर्गू झिऊ. तिथे एका टोकाला नदीकाठी दगडी गोल मेज आणि भोवती १२ बैठका, मधे ‘चुंबनाचं द्वार’ आणि दुसऱ्या टोकाला हा स्तंभ. जवळजवळ साडेएकोणतीस मीटर उंच.

इंजिनीअर श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान, कारखाना पेत्रोशानीचा, खाणीच्या यंत्रांची दुरुस्ती करणारा. आमच्या शिरोलीच्या फौंड्र्यांसारखीच जागा असणार, काळी, गरम, कलेशी घेणंदेणं नसलेली. तिथे ब्रांकुशीने काय केलं? स्तंभ म्हणजे एकावर एक रचलेले सारखे मणी. त्यातल्या एका मण्याचा पूर्ण आकाराचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, स्वतः तासला. उंची १८० सेंटीमीटर, मधे रुंदी ९०, टोकाला ४५. एकास दोनास चार. फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, पॅटर्नमध्ये जे आहे तेच ओतिवात येतं. पॅटर्नमेकरच्या फळीवर पडलेली चूक पुढे कितीही चांगल्या भट्टीने सुधारत नाही. तो पॅटर्नवर बसला याचा अर्थ त्याने नेमकी चावी हातात ठेवली. बाकी बिडाचे मणी ओतणं, मधल्या पोलादी कण्यात एकावर एक घालणं, वर पितळेचा फवारा मारून सोनेरी थर चढवणं, ही कामं ज्यांना येत होती त्यांना करू दिली. २७ ऑक्टोबर १९३८ ला उद्घाटन झालं. युनेस्कोने २०२४ मध्ये सगळा संच यादीत घेतला.

तारखा मांडून बघा. पहिल्या सहामाहीत इंदूरहून हात हलवत परत, दुसऱ्या सहामाहीत आपल्या गावाकडे आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम पुरं. वय ६२.

कॅनबेराची_वैशाली

वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. होळकरांचे संगमरवरी पक्षी दोन्ही आमच्या इथे आहेत, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात. १९७३ मध्ये घेतले. ब्राँझचा तिसरा कॅलिफोर्नियात पासाडेनाला, नॉर्टन सायमन संग्रहालयात. म्हणजे तिघांची ताटातूट झाली ती झालीच.

फोटोत कळत नाही अशी एक गोष्ट सांगते. पक्षी जमिनीवर ठेवलेला नसतो. खाली वालुकाश्माचा उंच, खडबडीत पाया, मग एक दगडी गळपट्टी, आणि मग संगमरवर. सगळं मिळून तीन मीटरहून जास्त, त्यामुळे मान वर करावीच लागते. पाया मुद्दाम राकट ठेवलाय आणि वरचा दगड इतका गुळगुळीत की काळ्या पक्ष्यात दिवे लांबच लांब ओघळलेले दिसतात. पायेही तोच करायचा, दुसऱ्याकडून नाही. माझी मुलगी विचारत होती, पाया शिल्पात धरायचा की नाही? मला उत्तर देता आलं नाही. @ओतशाळा काका, तुम्ही सांगा.

आणि एक शंका. तो फ्रान्सचा नागरिक कधी झाला? आम्ही इथे चार-पाच वर्षांत फॉर्म भरून मोकळे होतो.

ओतशाळा_कोल्हापूर

वैशालीताई, मुलीला सांगा धरायचा. आमच्याकडे चौथरा ठेकेदाराकडे जातो, ग्रॅनाइट लावला की झालं, आणि त्यामुळे चांगल्या पुतळ्यांची किती माती होते ते मी रोज बघतो. ब्रांकुशीच्या पायांवर त्याच्या गावच्या लाकडी खांबांच्या, दारांच्या खुणा आहेत. घराच्या ओसरीचे खाचा पाडलेले खांब तिथे घरोघर असायचे. परदेशात पन्नास वर्षं काढली पण हात तोच राहिला, तो सगळ्यात ठळक दिसतो तो पक्ष्याच्या खाली.

नागरिकत्व १९५२ साली घेतलं. म्हणजे पॅरिसला पोचल्यावर ४८ वर्षांनी, वय ७६. तोवर रुमानियनच. आणि गिऱ्हाईक कोण होतं बघा: न्यूयॉर्कचा वकील जॉन क्विन, स्टायकेन, पेगी गुगेनहाइम, इंदूरचे महाराज. १९२० मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनातून त्याचं ‘राजकन्या एक्स’ अश्लील म्हणून हलवायला लावलं, तेव्हापासून तो तिथल्या प्रदर्शनांपासून दूरच राहिला. राहायचं पॅरिसला, विकायचं अमेरिकेला. फ्रान्सच्या सरकारला जाग फार उशिरा आली.

शेवटी त्याचा बोळ पाडायचा घाट घातला गेला. शेजारच्या नेकेर इस्पितळाला वाढायला जागा हवी होती. (इस्पितळाचं सामान म्हणून पकडलेला पक्षी सुटला, पण बोळ इस्पितळाने खाल्लाच.) म्हाताऱ्याने १९५६ ला मृत्युपत्र केलं: स्टुडिओ आणि आतलं सगळं फ्रान्सला देतो, अट एकच, जसा आहे तसा उभा करायचा. शिल्पं, पाये, हत्यारं, बाकं, सगळं. कारण शेवटच्या वर्षांत तो नवीन फारसं करत नव्हता, कुठलं शिल्प कुठल्या शेजारी उभं राहावं हेच लावत बसायचा. एखादं विकलं गेलं तर त्या जागी प्लास्टरची प्रत ठेवायचा, म्हणजे मांडणी मोडायला नको. १६ मार्च १९५७ ला गेला, माँपार्नासच्या दफनभूमीत पुरलाय. स्टुडिओ पुढे पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रासमोर उभा केला, १९९७ मध्ये रेन्झो पियानो या वास्तुविशारदाने बांधलेल्या इमारतीत.

रुमानियाचा की फ्रान्सचा, या राजवाडासाहेबांच्या प्रश्नाला माझं उत्तर: कागदोपत्री आयुष्याची शेवटची पाच वर्षं फ्रान्सचा.

राजवाडा_चौक

मजा आ गया! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक्साइजमध्ये ओळख काढून माणिकबाग आतून बघता येते का ते बघतो. सामान तर कधीच लिलावात गेलं, १९८० मध्ये मोनॅकोला, पण भिंती तरी बघीन.

जेजे_फर्स्ट_इयर

काका, थोडं विषयांतर. आम्हाला ब्राँझमध्ये लहान फॉर्म करून आरसा-पॉलिश करायचंय. सिनियर म्हणतात सरळ ग्राइंडरला फ्लॅप व्हील लाव. तुम्ही वर बफला नको म्हणालात, मग सुरुवात कुठून करू?

ओतशाळा_कोल्हापूर

ग्राइंडर फक्त रायझरचे (ओतताना वर उरणाऱ्या जादा धातूचे) ठोंब उडवायला. त्यानंतर अर्धगोल कानस, मग गुळगुळीत कानस, आणि कानशीत खडू घासून घे म्हणजे धातूचा चुरा दातांत अडकून ओरखडे पडत नाहीत. कानशीनंतर लगेच छिद्रं शोध, पॉलिशपर्यंत थांबू नकोस. जिथे शंका येईल तिथे शाई लाव, घासल्यावर ठिपका उरला तर छिद्र आहे. भरायला त्याच ओतिवाची तार वापर, दुसऱ्या मिश्रणाची वापरलीस तर रंगात डाग दिसेल.

मग एमरी, १२० पासून, लाकडी ठोकळ्यावर, पाणी लावून. प्रत्येक नंबरला दिशा बदल, आधीच्या नंबरचे आडवे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. पोरं इथेच घाई करतात. १२०, २२०, ४००, ६००, ८००, १२००, मग हवं तर १५००. सगळ्यात शेवटी मऊ कापडाने पेस्ट. झाल्यावर उघड्या हाताने धरू नकोस, घामाचे ठसे दोन दिवसांत धातूत उतरतात आणि परत ६०० पासून सुरू करावं लागतं.

आणि वजन, उंची किती आहे ते लिही. पोकळ ओतलंयस की भरीव?